मदत हवी आहे: मुलाचा हर्निया, दुर्बिणीचं ऑपरेशन आणि वृषणाची वाढ

नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. उजव्या जांघेत हर्निया आहे. रडला, कुंथला की फुगवटा येतो, निजला की आत जातो. ऑपरेशन करायचंच आहे. हा हर्निया आपोआप जात नाही, आणि आतडं अडकलं तर वृषणाचा रक्तपुरवठाही दाबला जाऊ शकतो, हे सर्जननी नीट समजावलंय. काळजी आहे ती पुढची.

पोटाच्या अस्तराची जांघेतून वृषणाकडे उतरणारी एक पिशवी जन्माच्या सुमारास बंद व्हायला हवी होती, ती उघडी राहिली आहे; तिच्यातूनच फुगवटा येतो. लहान मुलांत जाळी बसवत नाहीत, पिशवीचं तोंड टाक्याने बंद करतात. पण वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी अगदी तिला चिकटून जातात. उघड्या ऑपरेशनात त्या पिशवीपासून सोडवाव्या लागतात. दुर्बिणीतून त्यांना फारसं न हलवता आतून टाका घेता येतो, शिवाय दुसऱ्या बाजूलाही पिशवी उघडी आहे का तेही दिसतं. म्हणून माझा कल दुर्बिणीकडे आहे. सासऱ्यांना मात्र भीती वाटते, की टाक्यात रक्तवाहिनीच आवळली गेली तर? त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. वृषण आक्रसण्याचा थोडा धोका दोन्ही पद्धतींत असतो, आणि हर्निया अडकून बसला असेल तर तो वाढतो, असं सर्जनही म्हणाले.

ज्यांच्या मुलांचं असं ऑपरेशन झालंय त्यांना विचारायचंय: आधी सोनोग्राफीत दोन्ही वृषणांचं माप घेतलं होतं का? हर्नियाच्या बाजूचं वृषण आधीपासूनच लहान असेल, तर नंतर फरक दिसल्यावर तो ऑपरेशनमुळे की आधीचाच, हे कसं कळणार? डॉपलर करून रक्तप्रवाहही पाहिला का?

आणि तपासणी किती वर्षं चालू ठेवली? वयात येईपर्यंत वृषण फार वाढत नाही; साधारण ४ मिली झालं की वयात येणं सुरू झालं असं धरतात. म्हणजे ऑपरेशननंतर काही महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला, तर वृषण आक्रसलं नाही एवढंच कळेल, पुढची वाढ नाही. कोणाचा मुलगा आता तेरा-चौदाचा असेल तर त्यांचा अनुभव मला फार मोलाचा आहे. ऑपरेशननंतर वृषण वर सरकल्याचं कोणाच्या बाबतीत झालं असेल, तर ते कधी लक्षात आलं आणि पुढे काय केलं, तेही कृपया सांगा.