अनुभव धागा: नळीने द्यायचं फीड घराबाहेर थंड कसं ठेवता?

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि ओपीडीची रांग कधी सरकेल याचा भरवसा नसतो. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) किंवा पेग (पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसवलेली नळी) असलेल्या पेशंटला बाहेर नेताना फीड कसं नेता? मापं आणि वेळा नेमक्या लिहा.

कोथरूड
इन्सुलेटेड (थंडावा राखणारी) पिशवी फीड थंड करत नाही, असलेला थंडावा टिकवते. म्हणून खरं काम आदल्या रात्रीचं. मूगडाळ-तांदूळ मिक्सरमधून काढून दोनदा गाळा. पसरट पातेल्यात ओता, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि स्वच्छ पळीने ढवळत राहा. फीड पूर्ण गार झालं की एका वेळेला लागेल एवढंच एकेका डब्यात भरा आणि डबे फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. कोमट फीड थेट डब्यात बंद केलं तर मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो, आणि जंतू वाढतात ते तिथेच.

जेल पॅक पूर्ण दिवसभर फ्रीझरमध्ये हवेत. एक तळाला, दोन बाजूंना, एक वर. वरचा विसरू नका, थंड हवा खाली उतरते. पॅक आणि डबा यांच्यामध्ये सुती नॅपकिन घाला. पॅक डब्याला चिकटून राहिला तर फीड गोठतं, मग फाटतं आणि गुठळी नळीत अडकते. उरलेली जागा नॅपकिननेच भरा. पिण्याच्या पाण्याची बाटली वेगळी न्या, नाहीतर तिच्यासाठी पिशवी सारखी उघडली जाते.

हडपसर
पावडर फॉर्म्युला असेल तर थंड ठेवायची भानगडच टाळा. एकेका वेळेची पावडर मोजून कोरड्या डब्यांत न्या, उकळून गार केलेलं पाणी वेगळं न्या आणि देतानाच कालवा. पावडर आधी थोड्या पाण्यात घोटून घ्या, एकदम सगळं पाणी ओतलं की गोळे होतात.

सिंहगड रोड
स्कूटरच्या डिकीत पिशवी अजिबात नको, खालून इंजिन तापतं. गाडीतही मागची डिकी नको. पुढच्या सीटच्या पायाशी, एसीच्या झोतात ठेवा.

औंध
वेळेचं गणित असं. मिक्सरमधलं घरचं फीड थंडीतून काढल्यावर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. कालवलेला पावडर फॉर्म्युला टांगून थेंबाथेंबाने देताना चार तासांच्या आत संपवा. तयार पातळ फीडचा फोडलेला डबा लगेच फ्रिजमध्ये ठेवा, त्यापुढे डब्यावर छापलेली मुदत पाळा. वासावर विसंबू नका, बिघडलेल्या फीडला वास येतोच असं नाही. काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. पाच अंशांच्या वर आकडा गेला की घड्याळ सुरू झालं असं धरा.

फार गार फीड दिलं तर पोटात कळ येऊ शकते. त्या वेळेपुरतं काढा आणि वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. कँटीनच्या मायक्रोवेव्हमध्ये नको, एक भाग चटका देईल इतका तापतो. कोमट केलेलं पुन्हा थंड करून वापरायचं नाही. सिरिंजमध्ये उरलेलंही टाकून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

चिंचवड
औंधकरांनी सांगितलेल्यात भर: मुंबईला जाताना घाटात वाहनं तुंबतात, तेव्हा एक जादा वेळ पुरेल एवढी पावडर हाताशी हवीच. स्टीलचा थर्मास वापरत असाल तर आधी त्यात दहा मिनिटं बर्फाचं पाणी ठेवा, ते ओतून टाका आणि मगच फीड काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर तापतो. पोचल्यावर सिरिंज आणि थर्मासचं झाकण, रबराची रिंग काढून, साबणाच्या गरम पाण्याने धुवा. रिंगेखाली साय साचते.