मॉनिटरिंग झालं म्हणजे पाणी स्वच्छ झालं का? (किवीकाकांना उत्तर)

सेल्विनकर:
काल किवीकाकांनी लिहिलं की न्यूझीलंडात रिजनल कौन्सिल (प्रादेशिक परिषद) नद्या नेमाने तपासते, लावा (LAWA) या पाण्याचे आकडे देणाऱ्या साइटवर सगळं उघडं आहे, डेअरीवाल्यांना दंड होतात, तरी नायट्रेटच्या नावाने बोंब मारणारे आपले लोक म्हणजे ज्यांना सुख दुखतं ते. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण डोकं सटकलं आणि हे एवढं झालं, म्हणून वेगळा धागा.

काका, तपासणी होते, कोण नाही म्हणतंय? पण काय तपासतात ते बघा की. कम्प्लायन्सवाला (नियम पाळले का बघणारा) येतो, एफ्लुएंट पाँड म्हणजे शेणमुताच्या पाण्याचं तळं भरून वाहतंय का बघतो, ते पाणी शेतात फवारणाऱ्या इरिगेटरखाली डबकं साचलंय का बघतो, कागद चाळतो, 'फुल कम्प्लायन्स' लिहून गाडी काढतो. आणि ज्याचं पुढे नायट्रेट होतं तो नायट्रोजन मुख्यतः जातो कुठून, तर गाय जिथे मुतते तिथून. तेवढ्या एका ठिपक्यावर हेक्टरी सातशे-हजार किलोच्या हिशोबाने पडतो, गवताला तेवढा झेपतच नाही, त्यात आमच्या कँटरबरीच्या (क्राइस्टचर्चच्या आसपासचा प्रांत) माळावर बऱ्याच ठिकाणी वर वीतभर माती आणि खाली नुसते गोटे, पाऊस झाला की थेट भूजलात. हे कुठल्या इन्स्पेक्टरला दिसणार? हेक्टरी 190 किलोची मर्यादा आहे ना, ती विकतच्या खताला आहे, मुताला नाही. झिरपतं किती याचा हिशोब ओव्हरसीअर नावाचं मॉडेल करायचं, आणि 2021 मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की त्याच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. शिवाय आज बोअरला लागतंय ते कित्येक वर्षांपूर्वी झिरपलेलं असू शकतं. म्हणजे शेतकरी सगळे पास आणि पाणी नापास. कँटरबरीच्या कौन्सिलने 2025 मध्ये नायट्रेट इमर्जन्सी जाहीर केली ती काय मी सांगितलं म्हणून?

किवीकाका:
इमर्जन्सी म्हणे! निवडणुकीच्या तोंडावर काठावरच्या मतांनी पास केलेला ठराव तो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला 11.3 मिलिग्रॅम आहे, शहरात नळाला त्याच्या आसपास तरी येतं का सांगा. मी इचलकरंजीचा आहे. 2012 ची कावीळ बघितलीये मी, दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या, आमच्या घरातला एक जण त्यातून उठला तो नशिबाने. पंचगंगेत मासे तरंगले की बाटल्या भरून नेतात, नोटीस निघते, पुढल्या उन्हाळ्यात परत मासे तरंगतात. इथे निदान कोर्टात तरी खेचतात. तुम्हाला त्याची किंमत नाही कारण तुम्ही ते भोगलेलं नाही.

पोहे_आणि_पाव्हलोवा:
काका, इचलकरंजी हा बेंचमार्क कधीपासून झाला? मग तर सगळं जगच पास आहे.

गोठेवाला:
मी डेअरीवर हर्ड मॅनेजर आहे, कुठल्या भागात ते सांगत नाही, नोकरी करायचीये. घरात हीट पंप लावून गाईच्या मुतावर निबंध लिहिणाऱ्यांनी एकदा पहाटे चारला मिल्किंगला यावं. मागे एकदा रात्री इरिगेटर अडकला आणि एकाच जागी ओतत राहिला, सकाळी बघतो तर हिरवं डबकं, पार ड्रेनच्या काठापर्यंत. मालकाने स्वतः फोन करून कळवलं, तरी साडेसातशे डॉलरचा इन्फ्रिंजमेंट (दंड) आलाच. बरं, ओढ्याला फेन्सिंग आम्ही घातलं, झाडं आम्ही लावली. आणि ऑकलंडला जोराचा पाऊस आला की जुन्या वस्तीत गटाराचं आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून, समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का दाखवणारा सेफस्विमचा नकाशा लालेलाल, ते कुणाच्या गाईचं असतं? तिथे दंड भरणार कोण, तर रेट्स (घरपट्टी) भरणाराच. शहरातल्या लोकांना स्वतःचं सोडून सगळ्यांचं दिसतं.

सेल्विनकर:
अरे बाबा तेच म्हणतोय मी! डबकं दिसलं म्हणून तुला दंड झाला. न दिसणाऱ्याचं काय?

मावशी_हॉक्स_बे:
दंडाचं काय घेऊन बसलात. ऑगस्ट 2016 ला मी हॅवलॉक नॉर्थला होते. मुसळधार पावसात मेंढ्यांच्या लेंड्या धुऊन बोअरमध्ये गेल्या, 14 हजारांचं गाव, साडेपाच हजारांच्या वर लोक आजारी. आमच्या घरात बाथरूमच्या दारात रांग होती, सांगायची गोष्ट नाही ती. त्या आजाराशी जोडलेले 4 मृत्यू झाले. आणि मग काय, रिजनल कौन्सिलने डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर बोअरच्या कन्सेंटच्या (परवान्याच्या) अटी मोडल्या म्हणून केस टाकली, पुढे ती मागे घेतली, चौकशीत दोघांवरही ताशेरे. एकमेकांवर लक्ष ठेवणारे हे असे. आणि पाण्यात क्लोरीन नव्हतं, कारण 'आपलं पाणी शुद्ध' म्हणून सगळे निवांत.

चहाबाज:
मावशी, त्या हॅवलॉकपायी आमच्या क्राइस्टचर्चला 2018 पासून क्लोरीन बसलं. 'टेम्पररी' म्हणाले होते, ऐका. जमिनीखालचं इतकं गोड पाणी, बिनाक्लोरीनचं, आणि आता चहाला स्विमिंग पूलचा वास. चहापत्ती बदलली, दूध बदललं, काही फरक नाही.

टीसीएलवाला:
😂 आमच्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर ओतायचा, क्लोरीन आहे का बघायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं आलं तरच चालू. ते पिऊन दहावी-बारावी झाली. तुमच्या चहाला वास येतो तर रात्री भांड्यात भरून ठेवा, सकाळपर्यंत उडतो. एवढं कळत नाही आणि म्हणे चहाबाज.

चहाबाज:
ज्ञान नको. प्रश्न वासाचा नाही, विहिरींची डोकी (वेलहेड, म्हणजे बोअरची वरची तोंडं) वेळेवर दुरुस्त केली असती तर क्लोरीन लागलंच नसतं. आळस त्यांचा आणि शिक्षा माझ्या चहाला.

टीसीएलवाला:
विहिरीची डोकी दुरुस्त केल्यावर पुढचे पाइप कुठून फुटलेत ते तू बघणार का वाकून? रस्त्याखाली गळती असली की बाहेरचं आत ओढलं जातं, शेवटच्या नळापर्यंत टिकायला क्लोरीनच लागतं. डेन्मार्क-नेदरलँड्सचं उदाहरण देऊ नकोस, त्यांचे पाइप बघ आधी.

चहाबाज:
मी दिलंच नव्हतं उदाहरण. स्वतःच द्यायचं आणि स्वतःच खोडायचं, छान आहे.

पोहे_आणि_पाव्हलोवा:
पण क्लोरीनने नायट्रेट जातं ना?

टीसीएलवाला:
नाही!!! क्लोरीन जंतू मारतं. नायट्रेट काय किडा आहे?

मावशी_हॉक्स_बे:
माणसं गेली तिथे आणि तुमचं चहावर चाललंय. लाज वाटत नसेल तर निदान वेगळा धागा काढा.

किवीकाका:
ओव्हरसीअरचा मुद्दा बरोबर आहे, घ्या, दिवाळी साजरी करा. पण ज्या कौन्सिलला शिव्या घालताय ती तरी राहणार आहे का? नोव्हेंबर 2025 चा सरकारचा प्रस्ताव वाचा, निवडून आलेले रिजनल कौन्सिलर काढायचे आणि त्यांच्या जागी महापौरांचं बोर्ड. ज्यांच्या सांडपाण्याच्या प्लँटला कन्सेंट लागते तेच त्या टेबलावर. मग टाका धागे.

सेल्विनकर:
वाचलाय. कँटरबरीला हे नवं नाही, 2010 मध्ये निवडून आलेले सगळे घरी पाठवून सरकारने कमिशनर बसवले होते, पूर्ण निवडणूक झाली ती 2019 ला. त्या काळातही गाई वाढतच होत्या. पण काका, तुम्ही चक्क माझ्या बाजूने बोलताय.

किवीकाका:
तुमच्या बाजूने नाही, महापौरांच्या विरोधात.

पोहे_आणि_पाव्हलोवा:
एक शंका, रागावू नका. आम्ही रोलस्टनच्या बाहेर लाइफस्टाइल ब्लॉक (थोड्या जमिनीसकट घर) घेतोय, स्वतःची बोअर आहे. कौन्सिल येऊन तपासून जाते ना? नाहीतर उकळून पिऊ.

सेल्विनकर:
घरगुती बोअर तपासणं मालकाकडे, कुणी येणार नाही. लॅबला सँपल द्या, एकदा देऊन सोडू नका, पाऊसपाण्याप्रमाणे आकडा बदलतो. आणि उकळू तर अजिबात नका, पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर विशेष सांभाळा. साध्या कार्बन फिल्टरने जात नाही, आरओ बसवा.

चहाबाज:
आरओच्या पाण्याचा चहा पांचट लागतो, आधीच सांगून ठेवतो.

मावशी_हॉक्स_बे:
ह्याला कुणीतरी ब्लॉक करा.