दाभोळ खाडीचं पाणी आपणच तपासायचं तर सुरुवात कुठून करावी?

खाडीकाठचा: नमस्कार मंडळी, आम्ही गोवळकोट ते मालदोली पट्ट्यातले काहीजण. मधूनच कधीतरी बोय, शेंगाळे मरून काठाला लागतात, फोटो फिरतात, दोन दिवस आरडाओरड आणि मग सगळं थंड. म्हटलं आपणच दर महिन्याला पाणी तपासून नोंद ठेवू. पीएच (पाणी आम्ल की अल्कली) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर मागवलेत पण टीडीएसचा आकडा धक्क्यावर सकाळी एक, दुपारी भलताच. मीटर गंडलंय की काय? बजेट फार नाही.

जुना केमिस्ट: गंडलं नसेल हो, खाडी आहे ती! भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला नदी खाली उतरते, त्यामुळे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. फक्त टीडीएस मीटर घरच्या आरओसाठी असतं, खाऱ्या पाण्यात रेंजबाहेर जातं, त्यापेक्षा खारेपणा मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं, झालं. पीएचवरही फार भिस्त नको, समुद्राचं पाणी ८.१च्या आसपास असतं आणि लगेच हलत नाही. मासे बऱ्याचदा गुदमरून मरतात, म्हणून खरा आकडा विरघळलेल्या ऑक्सिजनचा. तो रसायनं घालून मोजायची विंकलर पद्धत स्वस्त आहे. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड जागेवरच घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर समजा काही उरलेलं नाही. मोजणी नंतर लॅबमध्ये. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आलं की काळजी करा.

धोपाव्याची सून: आणि पाणी उजाडायच्या आत घ्या, रात्रभर शेवाळंही ऑक्सिजन खातं, दुपारी घेतलंत तर सगळं छानच दिसणार. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) तेपण लिहा, नाहीतर पुढच्या महिन्याशी तुलना कशी करणार? शिवाय खाडीत उतरणाऱ्या आपल्या वाशिष्ठी नदीत कोयनेचं वीज करून झालेलं पाणी येतं, ते किती सोडलंय त्यावर भर उन्हाळ्यातही वरचं पाणी गोडं लागतं आणि खाली खारं, म्हणून वरचं आणि तळाचं वेगवेगळं भरा. ओहोटीला चिखलात एकटं उतरू नका, मगरी आहेत 🙏

बघू_काय_होतं: कोर्टात याला कोण विचारणार? १९७४च्या जल कायद्यात नमुना घ्यायची ठरलेली पद्धत आहे, तीसुद्धा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच पाळायची.

जुना केमिस्ट: मान्य, पण वर्षभराची नोंद हातात असली की अधिकाऱ्याला नेमक्या वेळी नेमक्या जागी बोलावता येतं, मासे कुजल्यावर नाही.

खाडीकाठचा: भरती-ओहोटीचा रकाना आजच वाढवतो. विंकलरचं सामान चिपळुणात मिळेल का?

जुना केमिस्ट: कॉलेजच्या केमिस्ट्री विभागाला गाठा, शेवटी सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, ते घरात ठेवू नका.