सहा वर्षं रोज वेदनाशामक गोळी, आता एसजीपीटी ९२. हे गोळीनंच झालं असेल का?

अबोली:
आईचं वय ६१, वजन ७१ किलो. दोन्ही गुडघे झिजलेत. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र असलेली गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याच चिठ्ठीवर आम्ही सहा वर्षं काढली. सकाळी एक, रात्री एक, जिने जास्त चढावे लागले की तिसरी.

गेल्या महिन्यात तिला फार गळून गेल्यासारखं वाटायला लागलं म्हणून रक्त तपासलं. एसजीपीटी ९२, एसजीओटी ५८ (लिव्हरला इजा झाली की हे दोन्ही रक्तात वाढतात), बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा ०.९, प्लेटलेट २ लाख १० हजार. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड २. ती दारू घेत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवा आणि महिन्यानं दाखवा. एवढंच.

इतकी वर्षं गोळ्या घेऊन लिव्हर कायमचं खराब होतं का? सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर निबर होऊन आकसण्यापर्यंत जातं का? गोळ्यांच्या पट्ट्या मीच आणून देत होते. रात्री झोप लागत नाही.

पाऊलवाट:
वेदनाशामकांनी किडनी जाते, लिव्हरला काही होत नाही असं मी ऐकलंय. लिव्हरचा त्रास दारूमुळेच होतो ना?

दुसरी पाळी:
अबोलीताई, मी १७ वर्षं परिचारिका आहे, त्यातली ९ यकृत विभागात. आधी पाऊलवाट यांच्यासाठी: दारू न घेणाऱ्यांनाही सिरॉसिस होतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, फॅटी लिव्हर, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं लिव्हरवर केलेला हल्ला, अशी कितीतरी कारणं आहेत. आणि वेदनाशामकं लिव्हरला इजा करू शकतात. फक्त सगळी एकाच वाटेनं करत नाहीत.

पॅरासिटामॉलचा हिशेब मात्रेचा असतो. त्याचा बराचसा भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोड्या भागाचा विषारी पदार्थ बनतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला आवरतं. गोळ्या वाढल्या की ते द्रव्य संपतं आणि विष थेट पेशींवर जातं. आमच्याकडे एक तरुण मुलगा आला होता. दाढ दुखत होती म्हणून तीन दिवस वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेत राहिला. सगळ्यांत पॅरासिटामॉल होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. एन-ॲसिटिलसिस्टीनचं, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं सलाईन लावलं, वाचला. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर हे औषध पहिल्या ८ तासांत सुरू झाल्यास सर्वांत चांगलं लागू पडतं. म्हणून अशा वेळी उलटी होईल, कावीळ दिसेल, याची वाट पाहू नये. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो.

डायक्लोफिनॅकची गोष्ट वेगळी. ठरलेल्या मात्रेतही एखाद्याच्या लिव्हरला ते सोसत नाही, आणि कुणाला ते आधी सांगता येत नाही. बहुतेकदा हे पहिल्या काही महिन्यांत दिसतं, पण नंतरही होऊ शकतं. म्हणून ते रोज सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांत एसजीपीटी तपासायला सांगतात. सहा वर्षांत तुमच्या आईची ही पहिलीच तपासणी असेल, तर आकडा कधी चढला ते आता कळणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. औषधानं झालेली इजा औषध थांबवल्यावर बहुतेकांची भरून येते. काहींमध्ये ती महिनोन्महिने रेंगाळते, काहींना जुनाट हिपॅटायटिस होतो. पण नुसत्या वेदनाशामकांनी सिरॉसिस झालेला रुग्ण मला ९ वर्षांत पाहिल्याचं आठवत नाही. मी पाहिलंय ते हे, की लिव्हर आधीच दुसऱ्या कारणानं आजारी असतं, सगळे गोळीला दोष देऊन मोकळे होतात आणि खरं कारण तसंच आत राहतं. म्हणून महिनाभर नुसतं थांबू नका. हिपॅटायटिस बी आणि सी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीसाठी) हे आताच करून घ्या.

तुमच्या आकड्यांवरून मी फिब-४ काढला, म्हणजे लिव्हर किती निबर झालं असेल याचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. १.७६ येतो. १.३ च्या खाली असता तर निर्धास्त, २.६७ च्या वर असता तर घाई. मधला आहे, म्हणून फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हरचा ताठरपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. लिव्हरला ताजी सूज असेल तर हा आकडा फसवा चढतो, त्यामुळे त्यावरून घाबरू नका.

आणखी एक, सर्दी झाली की आई काय घेते?

अबोली:
सर्दीची गोळी, दिवसातून तीनदा. आत्ता पट्टी उलटून वाचली, प्रत्येकीत पॅरासिटामॉल ५००. आणि गुडघे फार ठणकले की ६५० ची वेगळी गोळी, कधी दोन.

दुसरी पाळी:
मग सर्दीच्या दिवसांत तीन एकत्र गोळ्यांतून ९७५, सर्दीच्या गोळ्यांतून १५००, वरच्या दोनमधून १३००. झाले ३७७५ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादाच ४००० आहे, आणि लिव्हरचा जुना आजार असेल तर बरेच डॉक्टर २००० च्या वर जाऊ देत नाहीत. तुमचा दोष नाही हो ताई. पट्टीवर नाव बारीक छापतात आणि मोठ्या अक्षरांत भलतंच नाव असतं.

पांढरा एप्रन:
मी औषधशास्त्र शिकवतो. वरचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. सिरॉसिस झालेल्या माणसाला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन हा गटच देऊ नये. अशा रुग्णांच्या किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनांवर, म्हणजे रक्तवाहिन्या रुंद ठेवणाऱ्या शरीरातल्याच द्रव्यांवर तगलेला असतो आणि या गोळ्या तेच बंद पाडतात. पोटात पाणी वाढतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. त्यामुळे किडनीबद्दल पाऊलवाट यांनी ऐकलेलं खोटं नाही. गंमत वाटेल, पण अशा रुग्णाला मर्यादित मात्रेत पॅरासिटामॉलच अधिक सुरक्षित ठरतं. भीतीनं पॅरासिटामॉल सोडून दुसरी गोळी घेणारे मी पाहिलेत, ते उलट अधिक धोक्यात जातात.

गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकची जेल विचारा. ती रक्तात फार कमी उतरते. आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सांधेदुखीवर कुणी बिननावाचं चूर्ण दिलं तर घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही.

अबोली (सात आठवड्यांनी):
उशीर झाला, पण ज्यांनी वेळ दिला त्यांना सांगायलाच हवं. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. क्रिएटिनिन ०.९. एचबीए१सी मात्र ७.४ आलं. आईला मधुमेह आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गोळ्या थांबवून सहा आठवडे झाल्यावर एसजीपीटी ९२ वरून ५४ वर आलं. म्हणजे काही वाटा गोळ्यांचा होता, उरलेला फॅटी लिव्हरचा, असं डॉक्टरांचं म्हणणं. फायब्रोस्कॅन ६.४, जास्त ताठरपणा नाही.

जेल लावते, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम करते. दुखणं गेलेलं नाही, जिना अजून एकेक पायरी थांबून चढते. परवा सर्दी झाली तेव्हा तिनं पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चष्मा नाहीये, यात किती आहे ते वाच.