देवनारच्या (मुंबई) आयआयपीएसचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे आकडे सांगली जिल्ह्यासाठी कितपत धरावेत?

मिरजकर: जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यासाठी टिपण करतोय. या संस्थेचं काम तोलायचं तर नेमकं काय तपासावं? मानांकन वगैरे नको.

अजिंक्यतारा: संस्था १९५६ ची. एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) पहिल्या पाचही फेऱ्या (१९९२-९३ ते २०१९-२१) तिच्याकडेच, त्यामुळे पद्धत लेखी सापडते. आधी नमुना बघा. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे, सुमारे ६.३७ लाख घरं. जिल्ह्यामागे सरासरी ९००. एका गावात किंवा शहरी गटात २२ घरं निवडतात, म्हणजे जिल्ह्यात चाळीसेक ठिकाणं. यातून जत आणि वाळवा तालुक्यांचा वेगळा आकडा काढायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जन्मावेळच्या लिंग गुणोत्तरात. समजा पाच वर्षांतले ३०० जन्म नमुन्यात आले आणि गुणोत्तर ९३० (हजार मुलांमागे इतक्या मुली) निघालं. निव्वळ नमुन्यामुळेच ते दोन्ही बाजूंना दोनेकशेने हलू शकतं. 'मुलींचं प्रमाण घसरलं' ही बातमी त्यावर उभी राहत नाही. तिथे जन्मनोंदणीच घ्या.

फॅक्टशीटवर, म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यांच्या पत्रकावर, कंसातला आकडा २५ ते ४९ जणांवरचा असतो. चांदणी (*) असेल तर २५ सुद्धा नव्हते.

कोयनाकाठ: अ‍ॅनिमियाही जपून. पाचव्या फेरीत तो बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर मोजलाय. थेंब येईना म्हणून बोट पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. शिरेतल्या रक्ताच्या आकड्याशेजारी तो ठेवू नका.

अजिंक्यतारा: घरोघरी फिरणारे लोक कंत्राटी एजन्सीचे. संस्थेची खरी परीक्षा त्यांच्यावरच्या देखरेखीत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी प्रश्नांची भलीमोठी यादी असते. ती टाळायला कंटाळलेला माणूस मूल सहा वर्षांचं लिहून मोकळा होतो. राष्ट्रीय अहवालाच्या परिशिष्टात जन्मवर्षांचा तक्ता बघा. त्या सीमेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा दिसला की समजायचं.

मिरजकर: महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९. कृष्णेचा महापूर त्यातच! मग अतिसाराचं काय?

कोयनाकाठ: तो मागच्या दोन आठवड्यांचा विचारतात. पावसाळ्यात गाठलेलं गाव आणि डिसेंबरातलं गाव एकाच टक्केवारीत जातं. चौथ्या फेरीशी तुलना करायची तर महिने जुळतात का ते आधी बघा. लसीकरणाला ही अडचण नाही, फक्त 'कार्ड पाहून' ही ओळ घ्या. दुसरीत आईची आठवणही मिसळलेली असते.