जपानने शस्त्रं वाढवली म्हणजे वास्तववाद जिंकला?

पश्चिमवारा: काल इथे एकाने लिहिलं, की डिसेंबर 2022 मध्ये जपानने संरक्षणखर्च जीडीपीच्या 2 टक्क्यांवर न्यायचं आणि प्रतिहल्ल्याची क्षमता मिळवायचं ठरवलं, तेव्हाच 'रचनावाद्यांच्या शांततावादी संस्कृतीच्या गप्पा संपल्या'. म्हणजे देश सत्ता आणि धोका पाहूनच वागतात म्हणणारा वास्तववाद जिंकला, आणि समाजाची मूल्यं धोरण घडवतात म्हणणारा रचनावाद हरला. राहवलं नाही म्हणून लिहितोय. वास्तववाद्यांचे मोठे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ 1993 मध्ये सांगून बसले होते, की जपानला अण्वस्त्रांकडे वळावंच लागेल. तीस वर्षं उलटली. चीन, रशिया, उत्तर कोरिया असे तीन अण्वस्त्रधारी शेजारी, प्लुटोनियमचा साठा, तंत्रज्ञान घरचं, तरी बॉम्ब नाही. मुख्य भाकीत फसलं, तर पेढे कसले वाटताय?

सह्यकडा: फसलं कुठे? अमेरिकेची अण्वस्त्रछत्री, म्हणजे हल्ला झाला तर आपल्या अण्वस्त्रांनी वाचवायची हमी, आहे तोवर बॉम्ब कशाला हवा? दुसऱ्या महायुद्धानंतरचे पंतप्रधान योशिदा यांनी संरक्षण अमेरिकेवर सोपवलं आणि पैसा कारखान्यांत घातला. हा रोकडा हिशेब आहे, संस्कृती नव्हे. ऑगस्ट 2017 मध्ये मी साप्पोरोत होतो. सकाळी सहाच्या सुमारास सगळ्यांचे फोन किंचाळले, उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र होक्काइदोवरून गेलं. त्या दिवशी ऑफिसातले जपानी राज्यघटनेतल्या, युद्धाचा त्याग करणाऱ्या कलम 9 बद्दल काय बोलत होते ते ऐकलं असतंत, तर हा धागा काढलाच नसतात.

मेघना_त: तुमच्या ऑफिसातली चार माणसं म्हणजे जपान नव्हे. 2015 मध्ये मित्रदेशांसाठीही सैन्य लढवू देणाऱ्या सुरक्षा कायद्यांविरुद्ध हजारो लोक संसदेबाहेर पावसात उभे होते. आबे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले, कलम 9 बदलायची त्यांची मनापासून इच्छा होती, तरी त्यातलं एक अक्षर हललं नाही. 2014 मध्ये कलमाचा नुसता अर्थ बदलून काम भागवावं लागलं. लोकमताची धास्ती नव्हती, तर ही कसरत कशासाठी?

चिकूवाडी: जपानचं परराष्ट्र धोरण आमच्या डहाणूतून जातं, त्यावर कुणी बोलाल का? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानचं कर्ज: 0.1 टक्का व्याज, 50 वर्षांची मुदत, पहिली 15 वर्षं परतफेड नाही. सगळे म्हणाले, मैत्री! सप्टेंबर 2015 मध्ये इंडोनेशियातल्या जकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वेचं काम जपानच्या हातून चीनकडे गेलं आणि डिसेंबरात आपल्याशी करार झाला. बुलेट ट्रेनसाठी माझ्या काकांच्या वाडीची मोजणी झाली तेव्हा जुनी, भरपूर फळं देणारी झाडं कागदावर 'लहान' लागली. हेलपाटे घालून काका थकले.

पश्चिमवारा: काकांचं वाईट वाटतं. पण हे विषयांतर आहे, वेगळा धागा काढा.

चिकूवाडी: का काढू? वॉल्ट्झ चालतात आणि वाडी चालत नाही?

दादरकर: अटल सेतू आणि मेट्रो 3 पण जपानी कर्जावरच झाले. त्यावरून रोज जाणाऱ्यांना विचारा. इतकं स्वस्त कर्ज दुसरं कोण देतं?

चिकूवाडी: कर्ज येनमध्ये आहे. 50 वर्षांत रुपया येनपुढे किती घसरेल ते लिहून द्या, मग स्वस्त म्हणा. आणि सेतूवरून जाणाऱ्याची वाडी गेली नाही.

दादरकर: मग मुंबईने काय बैलगाडीने जायचं? प्रत्येक प्रकल्पात हेच रडगाणं.

मेघना_त: रडगाणं हा शब्द मागे घ्या. ज्याची जमीन गेली त्याच्याशी ही बोलायची रीत नव्हे.

सह्यकडा: चिकूवाडींनी माझाच मुद्दा सिद्ध केला. चीनने एक काम पळवलं, जपानने भारताला मिठी मारली. सत्तेचा तोल, दुसरं काही नाही.

मेघना_त: मग 1998 चं सांगा. पोखरणनंतर जपानने भारताची नवी मदत थांबवली. चीन तेव्हाही शेजारीच होता ना? तोलच सांभाळायचा, तर भारताला दुखवायचं कशाला? 2016 च्या अणुकरारातही भारताने पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबवण्याची भूमिका जपानने नोंदवून घेतली. हिरोशिमा वगळून हे समजावून दाखवा.

सह्यकडा: 1998 मध्ये चीन आजच्याएवढा बलाढ्य नव्हता. तरी ठीक आहे, त्या वर्षापुरतं तुमचं धरतो. पण मदतीवरची ती बंदी 2001 मध्ये उठली आणि भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न करताही 2016 मध्ये अणुकरार झाला, हेही धरा. हिरोशिमा तेव्हा कुठे गेलं?

चिकूवाडी: दादरकर, शब्द अजून मागे घेतलेला नाही.