मदत हवी आहे: एर्टिगाच्या डिकीतली घुमटांची जागा न घालवता सबवूफर बसवता येईल का?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गाडी एर्टिगा, २०२१ ची, व्हीएक्सआय पेट्रोल, ती स्मार्ट हायब्रिडवाली. राहायला फोंड्याजवळ. आमचं गावातलं घुमट आरतीचं (घुमट म्हणजे गोव्याचं मातीच्या मडक्यासारखं वाद्य) पथक आहे आणि त्यातले सहाजण प्लस सगळी वाद्यं माझ्याच गाडीतून जातात, कारण बाकीच्यांकडे दुचाक्या. म्हणजे तिसऱ्या सीटची एक बाजू उभी, एक बाजू पाडलेली, आणि त्या पाडलेल्या बाजूपासून डिकीच्या दारापर्यंत चार घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कांसाळ्यांची (मोठ्या झांजांची) पिशवी. घुमट मातीचं असतं, एकावर एक रचता येत नाही, गोधडीत गुंडाळून शेजारी-शेजारी आडवी ठेवावी लागतात. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) म्हार्दोळच्या पुढे एका स्पीडब्रेकरवर माझ्याच चुकीने एक तडकलं, त्याचं अजून ऐकतोय. तेव्हा डिकीत सबवूफरची (खालचा, घुमणारा आवाज देणारा स्पीकर) पेटी ठेवणे हा विषयच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता दुखणं. प्रॅक्टिस झाली की रेकॉर्डिंग आम्ही परत येताना गाडीत ऐकतो, कोण कुठे चुकला वगैरे. कांसाळी एकदम सुईसारखी कानात जाते, शामेळ बरं वाजतं, पण घुमट म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा कोणीतरी बडवतोय असं वाटतं. तो जो डाव्या हाताने तोंड उघडझाप करून ‘घुम्म’ निघतो ना, तोच गायब. मागच्या वर्षी दारांतले चारही स्पीकर बदलून घेतले, दुकानदार म्हणाला आता बघा बास (खालचा आवाज), उलट आधीपेक्षा पातळ झालंय असं मला वाटतं, पण पैसे घातल्यावर असं बोलायची लाज वाटते.

एका दुकानात विचारलं तर त्याने बारा इंची पेटी दाखवली, म्हणाला तासाभरात टाकून देतो. डिकीत जागा लागते म्हटलं तर म्हणाला, वाद्यं कॅरियरवर बांधा. मातीची घुमटं, कॅरियरवर, जुलैत!

मग मीच टॉर्च घेऊन गाडीत पालथा पडलो. सगळे सांगतात सीटखाली बसणारा चपटा अॅक्टिव्ह सब घ्या, आठ इंची, आत अॅम्प्लिफायर असलेला. पण माझ्या पुढच्या पॅसेंजर सीटखाली आधीच एक डबा बसलाय, ती हायब्रिडची लिथियम बॅटरी आहे म्हणे. ड्रायव्हर सीटखाली स्टीलच्या पट्टीने मोजलं, पुढून ११ सेंटीमीटर आहे पण मागे सरकलं की ८ च्या आत येतं, वर सीटची रेल. मधली सीट पुढेमागे सरकते, तिच्यावर आई बसते, आणि तिने आधीच सांगून ठेवलंय की माझ्या बुडाखाली काही धडधडणार असेल तर मी कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसने येईन.

जेबीएलचा बासप्रो हब म्हणून एक येतो, स्टेपनीच्या रिंगमध्येच बसतो, ११ इंची, २०० वॅट आरएमएस (सतत देऊ शकेल ती ताकद), तो फार आवडलाय. कोणी एर्टिगात बसवलाय का? आणि लपवून बसवायला अजून कुठली जागा असते? बजेट पंधरा हजार, ओढून ताणून अठरा. फार धडाम-धुडूम नकोय, घुमट घुमटासारखं ऐकू आलं म्हणजे झालं.

प्रतिसाद १

हब विसरा भाऊ. एर्टिगाची स्टेपनी डिकीत नसते, गाडीच्या पोटाखाली बाहेरून टांगलेली असते. तिथे स्पीकर लावलात तर एका पावसात लाल मातीचा गोळा होईल. आणि पॅसेंजर सीटखालच्या त्या डब्याला हात लावू नका, त्याच्यावर काही ठेवूही नका, त्याला हवा खेळायला मोकळी जागा लागते.

प्रतिसाद २

सब घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत.

एक, ते रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर ऐका. फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर बरेचदा फोनच खालचा आवाज कापतो, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून. रेकॉर्डिंगमध्येच घुम नसेल तर गाडीत पन्नास हजाराचा सब लावलात तरी कुठून येणार, जे आत नाही ते बाहेर काढता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्पीकर बदलल्यावर बास कमी झाला म्हणताय, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मला पक्का संशय आहे की एखाद्या स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात. प्लसला मायनस. मग डावा पडदा बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, वरचा मात्र तसाच राहतो, म्हणून तर कांसाळी छान आणि घुमट गायब. स्टिरिओवरचा फेडर (पुढचे-मागचे स्पीकर निवडणारा) पूर्ण पुढे करा, बॅलन्स (डावे-उजवे) पूर्ण डावीकडे न्या, बास ऐका, मग मधोमध आणा. मधोमध आणल्यावर बास वाढायला पाहिजे. कमी झाला तर पोलॅरिटी उलटी. मागच्या जोडीचंही असंच बघा. नक्की कुठला ते शोधायला स्पीकर सुटा करून त्याच्या टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर उडी मारतो, आणि गाडीची कुठली वायर त्या टोकाला आलीय ते बघा. हे सेलचं फक्त मोठ्या स्पीकरला करायचं, ट्विटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) नाही.

धागाकर्ता

दोन दिवस लागले कारण दाराचं पॅड काढताना एक क्लिप तुटली आणि ती शोधत म्हापशापर्यंत गेलो.

तुमचा संशय शंभर टक्के खरा! पुढचा डावा उलटा होता. सरळ केला आणि गाडी तीच आहे का असं वाटलं. ज्याने बसवले त्याला फोन करणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, वर्षभर मीच ऐकत बसलो होतो. रेकॉर्डिंगपण हेडफोनवर तपासलं, घुम आहे, थोडा दबलेला पण आहे. आता आम्ही फोन घुमटाच्या तोंडासमोर नाही, दोन हात लांब ठेवतो.

पण अजूनही तळ लागत नाही. सहाजण बसून गाडी चालू असली की टायरच्या आवाजात सगळं जातं. म्हणजे सब हवाच, छोटा का होईना.

प्रतिसाद ३

गाडीचे ऑडिओ बसवायची थोडी सवय आहे म्हणून लिहितो.

डिकीतली फळी उचलून बघितलीत का? तिसऱ्या सीटच्या मागे जी सपाट फळी असते तिच्याखाली खड्डा आहे, त्यात लोक छत्र्या आणि जुने कपडे टाकून विसरून जातात. तीच तुमची जागा. त्या मापाची बंद पेटी करून घ्या, १८ मिलिमीटरची मरीन प्लाय, आणि कमी खोलीचा आठ इंची सब वर तोंड करून. आठ इंचीला साधारण १० लिटर हवा पुरते, नक्की किती ते सबच्या कागदावर असतं, त्यात लिहिलंय त्यापेक्षा लहान करू नका. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) घेऊ नका, सगळी दुकानं तेच देतात, गोव्याच्या दमटपणात दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. पडदा पुढे झेपावतो त्यासाठी वर दोन-तीन सेंटीमीटर मोकळं सोडा, वर जाळी, आणि फळीचं वजन पेटीवर न येता गाडीच्या कडांवर आलं पाहिजे. फळीला भोक पाडायची गरज नाही, कडेच्या फटी पुरतात. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटरची असते, तिला गोधडी आणि घुमटं अडवत नाहीत, आणि इतका खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळतही नाही. म्हणून तर तो लपवता येतो.

पॉवर पुढच्या नेहमीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरूनच, लिथियमवरून अजिबात नाही. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज, छोट्या अॅम्प्लिफायरला १५-२० अँपिअर, मॅन्युअलात असेल तोच. आग लागते ती फ्यूज विसरल्याने, सबने नाही. वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून आत घ्यायची, पत्र्यावर घासली नाही पाहिजे. अर्थिंगची वायर मागेच, रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर इंजिनच्या आरपीएमबरोबर वर-खाली होणारी शिट्टी ऐकू येईल आणि मग ती शोधण्यात तुमची चवथ जाईल. कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा असेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेला अॅम्प्लिफायर घ्या, मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल मिळतो. लो-पास (त्यावरचे आवाज सबकडे जाऊ न देणारी गाळणी) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. फेजचं (पडद्याची हालचाल उलटवणारं) बटण ० आणि १८० दोन्हीकडे करून बघा, ड्रायव्हर सीटवर जिथे जास्त भरीव वाटेल ते ठेवा.

आणि हो, खड्ड्यात काही बसवायच्या आधी एका मोठ्या पावसानंतर हात घालून बघा. टेललॅम्पच्या रबरातून पाणी झिरपून तिथे साचलेलं मी पाहिलंय.

प्रतिसाद ४

अजून एक जागा, तिसऱ्या सीटच्या बाजूचं प्लास्टिक पॅनेल, त्याच्यामागे पोकळी असते. तिथे फायबरग्लासची पेटी गाडीच्या आकारात ओतून घेता येते. गोव्यात गाडीवाले कारागीर शोधत बसू नका, होड्यांना फायबर लावणारे गाठा, मालीम जेटीकडे विचारा. मॅट आणि रेझिनचं काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, रापणीच्या होडीपुढे तुमची पेटी म्हणजे वाटी. फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात. आणि ओल्या हवेत रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं. वासही आठवडाभर जात नाही, आईंना आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद ५

चर्चा वाचून गंमत वाटली. घुमट म्हणजे काय तर एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं आणि मधे मातीच्या पोटात कोंडलेली हवा. पोर्टवाली सबची पेटी म्हणजे तेच की. कातड्याच्या जागी पडदा, उघड्या तोंडाच्या जागी नळी. आपल्याकडे २०१९ मध्ये ज्याला राज्याचं वारसा वाद्य केलं ते वाद्य म्हणजे हाताने ट्यून होणारा सबवूफर!

पण तुम्ही बंद पेटीच घ्या. पोर्टवाली पेटी एका ठराविक सुराला स्वतःच घुमते, घुमटावर दुसरं घुमट वाजवल्यासारखं. प्रॅक्टिसमध्ये कोण चुकला ते ऐकायचंय ना, मग पेटी गप्प राहिलेली बरी.

धागाकर्ता

देव बरें करूं सगळ्यांचं. प्रतिसाद ५, हे मी पथकात वाचून दाखवलं, शामेळ वाजवणारा रुसलाय.

ठरलं, फळीखालचा खड्डा, बंद पेटी, आठ इंची. होडीवाल्यांचा पर्याय मनातून जात नाही पण आता ऑगस्ट आलाय, चवथीच्या आत वाळणार नाही. काल पावसानंतर खड्ड्यात हात घातला, कोरडा आहे. पुठ्ठ्याचं माप काढून सुताराकडे दिलं, आमच्या देवळाच्या पालखीची दुरुस्ती करणारा, त्याला सब म्हणजे काय माहीत नव्हतं पण ‘हवा कुठून सुटता नये’ एवढं सांगितल्यावर म्हणाला, वाजवायच्या पेटीच्या भात्यासारखं ना, समजलं.

फक्त एक लोचा झालाय. आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं की तुझ्या सीटखाली काही नाही, सगळं मागच्या खड्ड्यात, कोणाचीच जागा गेली नाही. ती म्हणाली, अरे पण दरवर्षी माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीची) फळं बाजारातून येताना त्याच खड्ड्यात येतात, घुमटांवर कुठली ठेवतोस नारळ आणि तोरिंगणं (पपनसं)?

तेव्हा आता माटोळीला जागा सुचवा.